भट्टीची धूळ, फरशीची माती : रबाळे शेडमधल्या कामाच्या नोंदी

काम : पोलाद वितळवणाऱ्या विद्युत चाप भट्टीच्या बॅगफिल्टरमधली (धुरातली धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांमधली) धूळ धुऊन, मातीत मिसळून दाबायची आणि भाजून फरशी करायची. शेड रबाळ्यात, धूळ तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याची. प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रयोगापुरती परवानगी फाइलला आहे.

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

चार ड्रम आले, मिळून ४८० किलो. गाडी कल्याण फाटा, शीळफाटा, महापे अशी आली. सोबत नमुना १० ची वाहतूक पावती आणि ड्रमांवर नमुना ८ चं लेबल. दोन्हींवरचं वजन वजनकाट्यावरच्या वजनाशी ताडून मगच सही केली. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे साठवणुकीला ९० दिवस मिळतात. आजपासून मोजले तर २ फेब्रुवारी, तो रविवार. म्हणजे हिशेब ३१ जानेवारीला बंद करायचा.

माल दिवाळीच्या सुट्टीआधीच्या हॉपरमधला (धूळ साठते त्या टाकीतला) मागून घेतला. सुट्टीनंतर भट्टी थंडावलेली असते आणि पहिल्या काही हीटची (वितळणींची) धूळ नेहमीसारखी येत नाही. तीवर पाककृती बसवली तर पुढच्या लॉटला ती लागू पडणार नाही.

धूळ तपकिरी आणि पिठाहून मऊ आहे, बहुतेक कण १० मायक्रॉनच्या आतले. ड्रम उघडा राहिला तर पंख्याच्या झोतानेही उठते. शेडमध्ये केरसुणीला बंदी, पुसायचं ते ओल्या फडक्यानेच. मास्क पी-१०० काडतुसाचा, कापडी चालणार नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. धुळीत शिसं आहे, आणि शिशाच्या कामात पहिली चूक नेहमी चहाच्या कपाशी होते, म्हणून चहा शेडबाहेर आणि हात धुतल्यावर.

६ नोव्हेंबर

क्ष-किरण विश्लेषण आलं. लोह ३०, जस्त ९, चुना (कॅल्शियम ऑक्साइड म्हणून) ८, क्लोराइड ४.२, शिसं १.६, क्रोमियम ०.३, कॅडमियम ०.०४ टक्के. बाकी सिलिका, मँगनीज, सोडियम, पोटॅशियम आणि थोडा कार्बन.

जस्त कमी आहे, म्हणूनच हा लॉट घेतला. भंगारात गॅल्वनाइज्ड पत्रा जास्त असला की जस्त २० ते ३० टक्क्यांवर जातं. तशी धूळ फरशीत घालणं म्हणजे चांगला धातू पुरून टाकणं. तिची जागा धुळीतलं जस्त परत काढणाऱ्या वेल्झ भट्टीत. तिथे कोकसोबत १००० ते १२०० अंशांवर जस्त वाफ होऊन उडतं, पुन्हा ऑक्साइड होतं आणि गोळा करता येतं. आमचं काम आहे ते वेल्झवाल्याला परवडत नाही अशा धुळीचं.

जस्ताचा बराचसा भाग झिंक फेराइट या स्पिनेल (एक प्रकारचं ऑक्साइड खनिज) रूपात असतो. ते स्फटिक घट्ट असतात, सौम्य आम्लाला सहसा दाद देत नाहीत. त्रास शिसं, कॅडमियम आणि विरघळणाऱ्या क्लोराइडांचा.

भाजण्याआधी एक आकडा काढून ठेवला. टीसीएलपी चाचणीत (आम्लयुक्त द्रवात घुसळून पदार्थातून किती विषारी धातू सुटतो ते पाहण्याच्या) घन पदार्थाच्या वीसपट द्रव असतो. म्हणजे नमुन्यातलं सगळं शिसं सुटलं असं धरलं, तर किलोमागच्या मिलिग्रॅमना २० ने भागलं की लिटरमागचे जास्तीत जास्त मिलिग्रॅम मिळतात. मिश्रणात १० टक्के धूळ आणि धुळीत १.७ टक्के शिसं (धुतल्यावर क्षार निघून जातात, त्यामुळे टक्केवारी जराशी वाढते) धरलं तर किलोमागे १७०० मिलिग्रॅम, भागिले २०, म्हणजे ८५. मर्यादा ५. तेव्हा सुमारे ६ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं सुटता कामा नये. कॅडमियमचा असाच हिशेब २ येतो आणि मर्यादा १ आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू : धूळ १० ऐवजी अर्धा टक्का घातली तर काहीही न बांधता चाचणी पार होते. ती प्रक्रिया नव्हे, पातळ करणं. १० टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं.

११ नोव्हेंबर

धुण्याची पहिली खेप. प्लॅस्टिकच्या २०० लिटर ड्रममध्ये १०० लिटर पाणी, चालू ढवळणीत हळूहळू १० किलो धूळ. आधी धूळ आणि वरून पाणी असं केलं तर तळाशी गोळे बसतात आणि आतून कोरडेच राहतात. ३० मिनिटं ढवळून रात्रभर ठेवलं.

सकाळी वरचं पाणी गढूळच होतं. एवढे बारीक कण आपोआप बसत नाहीत, फिल्टर प्रेस लागतोच. त्यात उरलेल्या ओल्या थरावर, म्हणजे केकवर, ५० लिटरचं दुसरं धुणं दिलं. हेच पाणी पुढच्या खेपेचं पहिलं पाणी म्हणून वापरायचं, म्हणजे ताजं पाणी किलोमागे १५ लिटरऐवजी १० लागेल. दोन धुण्यांनंतर केकमध्ये क्लोराइड ०.३ टक्के उरलं.

क्लोराइड मोजताना फसगत झाली. सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनमध्ये (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणीत) सुरुवातीलाच तपकिरी साका, आणि शेवटचा बिंदू सापडेना. धुवणाचा पीएच १२.३ होता, तिथे सिल्व्हर ऑक्साइडच खाली बसतं. आधी पीएच ७ ते ९ मध्ये आणून, गाळून, मग टायट्रेशन.

१३ नोव्हेंबर

धुवण्याचं पाणी हीच खरी डोकेदुखी. पीएच १२ च्या वर शिसं विरघळलेलं राहतं. तो अल्कलीतही विरघळणारा धातू आहे, त्यामुळे ‘पाणी अल्कलाइन आहे म्हणजे धातू खाली बसले’ हा समज इथे चालत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ९.५ वर आणला. पांढरा गाळ बसला, शिसं आणि कॅल्शियम दोन्ही कार्बोनेट होऊन. सल्फ्युरिक आम्लानेही पीएच उतरतो, पण हाताने ओतताना सहज ७ च्या खाली घसरतो आणि मग जस्त, कॅडमियम परत पाण्यात येतात.

कॅडमियम क्लोराइडसोबत जोडी करून पाण्यातच रेंगाळतं. त्यासाठी शेवटी किंचित सोडियम सल्फाइड, तेही पीएच ९ च्या वर असतानाच. आम्ल झालेल्या पाण्यात सल्फाइड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. म्हणून आम्लाचा कॅन आणि सल्फाइडचा डबा शेडच्या दोन टोकांना ठेवले आहेत.

गाळ पुढच्या खेपेच्या धुळीत परत. उरलेलं खारट पाणी बाष्पीभवन टाकीत. ते गटारात किंवा सामायिक सांडपाणी केंद्रात सोडून मोकळं होता येणार नाही, कारण जैविक प्रक्रियेने मीठ निघत नाही.

२० नोव्हेंबर

मिश्रण ठरलं. कोरड्या २० किलोंसाठी :

जिल्ह्यातली वीटमाती ११ किलो, चंद्रपूरकडची फायरक्ले (उष्णता सोसणारी माती) ५ किलो, धुतलेली धूळ २ किलो, तुर्भ्याच्या भंगारातल्या बाटल्यांची काच (१५० मायक्रॉनच्या खाली दळून) १.५ किलो, बेंटोनाइट (चिकट माती) अर्धा किलो.

फायरक्लेमधली ॲल्युमिना जस्ताला गाहनाइट या दुसऱ्या स्पिनेलमध्ये बांधते आणि धुळीतल्या चुन्यालाही कामाला लावते. काच लवकर वितळून शिशाला आपल्यात घेते. काच वाढवावीशी वाटते, पण ती १० टक्क्यांच्या पुढे नेली तेव्हा भाजणीची खिडकी (कमी आणि जास्त भाजण्यामधलं तापमानाचं अंतर) फार अरुंद झाली.

२२ नोव्हेंबर

कालच्या मिश्रणाचा रंग फिका वाटला. शोध घेतला तर धूळ ओल्या केकच्या वजनाने घातली होती. केकमध्ये ३५ टक्के पाणी असतं. २ किलो कोरडी धूळ हवी तर ओला केक ३.०८ किलो. प्रत्यक्षात १.३ किलोच गेली होती, म्हणजे मिश्रणात धूळ ६.७ टक्के. सगळा माल बाजूला काढला. यापुढे रोज सकाळी केकचे १०० ग्रॅम ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून ओल काढायची, मगच वजन.

२६ नोव्हेंबर

दाबणी. साचा १०० बाय १०० मिमी, जाडी १५ मिमी, दाब २० टन, ओल ७ टक्के. ओल ९ वर गेली की कडेला पापुद्रे सुटतात, कारण अडकलेली हवा दाब काढताच फुगते. ५ च्या खाली कोपरे भुरभुरतात. भुकटी चाळल्यावर झाकून रात्रभर मुरू दिली की ओल सारखी पसरते.

तुलनेसाठी न धुतलेल्या धुळीचे १२ तुकडे केले. हवेत वाळवलेले हे तुकडे सकाळी हाताला दमट लागले, धुतलेले नाही. क्लोराइड हवेतली ओल ओढतात आणि खाडीकाठच्या हवेत ओलीला तोटा नाही. असे तुकडे घाईने भट्टीत गेले तर तडकतात.

३ डिसेंबर

पहिली भाजणी, विजेच्या भट्टीत. तासाला १०० अंशांनी ६०० पर्यंत, पुढे तासाला ६० ने ९०० पर्यंत, तिथे एक तास थांबून १०८०, पुन्हा एक तास. धुराड्यावर हूड, त्यापुढे पाण्याचा स्क्रबर आणि फिल्टर. धुराड्याच्या तोंडाशी वजन केलेली ॲल्युमिनाची पाटी टांगली.

न धुतलेले आणि धुतलेले तुकडे एकत्र भाजले नाहीत, नाहीतर एकाची वाफ दुसऱ्यावर बसते. न धुतलेल्यांच्या वेळी ७०० नंतर पांढरा धूर आला आणि पाटीवर पिवळट पांढरा थर. जस्ताचं क्लोराइड ७३२ अंशांना उकळतं, शिशाचं ५०१ ला वितळतं आणि ९५० ला उकळतं. म्हणजे धूळ न धुता भाजणं हा शिसं वेगळं काढण्याचाच रस्ता झाला, फक्त ते धुराड्यातून जातं. भट्टी तापवणाऱ्या कँथल तारेवरही डाग पडले. क्लोरीन तिच्यावरचा ॲल्युमिनाचा संरक्षक थर खातो.

९ डिसेंबर

टीसीएलपी. तुकडे फोडून ९.५ मिमीच्या खाली, १०० ग्रॅम नमुना, २ लिटर द्रव, मिनिटाला ३० फेरे, १८ तास, मग ०.६ ते ०.८ मायक्रॉनच्या काचतंतूच्या फिल्टरमधून गाळणी.

द्रव कोणता घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं. ५ ग्रॅम बारीक नमुना आणि ९६.५ मिली पाणी ढवळून पीएच पाहायचा. ५ च्या खाली असेल तर पहिला द्रव : ५.७ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ६४.३ मिली १ नॉर्मल कॉस्टिक, एक लिटरपर्यंत, पीएच ४.९३. पीएच ५ च्या वर असेल तर ३.५ मिली १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक घालून ५० अंशांवर १० मिनिटं, आणि तरीही वरच राहिला तर दुसरा, २.८८ पीएचचा. भाजलेल्या तुकड्यांना पहिला लागला, कच्च्या धुळीला दुसरा. कच्च्या धुळीची चाचणी पहिल्या द्रवात उरकली तर तिचा चुनाच आम्ल खाऊन टाकतो आणि आकडा खोटा दिसतो.

निकाल शिशाचा : धुतलेले तुकडे लिटरमागे १.९ मिलिग्रॅम, न धुतलेले १.१.

न धुतलेले सरस? इथेच थांबलो असतो तर अहवालात ‘धुण्याची गरज नाही’ असं गेलं असतं.

१२ डिसेंबर

एकूण शिसं मोजलं. भाजल्यावर वजन घटतं, म्हणून टक्केवारीची थेट तुलना चुकते. लोह उडत नाही, त्यामुळे शिसं भागिले लोह हे गुणोत्तर आधी आणि नंतर पाहायचं. हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आकडा आहे.

न धुतलेले : ०.०२३५ चं ०.०१२० झालं. निम्मं शिसं गायब. टीसीएलपीचा आकडा कमी आला तो शिसं बांधलं गेलं म्हणून नव्हे, ते तुकड्यात राहिलंच नाही म्हणून.

धुतलेले : ०.०२४६ चं ०.०२२६. म्हणजे ८ टक्के इथेही गेलं. लहान वाटतं, पण किलोमागे १७०० मिलिग्रॅमचे ८ टक्के म्हणजे १३६ मिलिग्रॅम. रोज १० टन मिश्रण भाजलं तर फिल्टरआधी धुराड्यात १.३६ किलो शिसं, दररोज.

यापुढे गुणोत्तर सोबत नसेल तर टीसीएलपीचा आकडा वहीत चढवायचा नाही.

यातून आणखी एक निघतं. भिवंडी, शहापूरकडच्या उघड्या वीटभट्ट्यांत ही धूळ कधीही जाता कामा नये. वीट चांगली दिसेल, कदाचित नेहमीपेक्षा टणकही होईल, आणि चाचणीला पाठवली तर पारही होईल. शिसं शेजारच्या भातखाचरात उतरलेलं असेल. धूळ फुकट मिळते आणि थोडा कोळसाही वाचवते, म्हणून हा मोह खरा आहे.

१८ डिसेंबर

काळं पोट. तुकडा फोडला की मधोमध काळा पट्टा, आणि ११२० अंशांवर तोच भाग फुगलेला. धुळीतला कार्बन आणि मातीतला सेंद्रिय भाग जळायच्या आत पृष्ठभाग काचेने बंद झाला की आत ऑक्सिजन पोचत नाही. लोह क्षपण होऊन (ऑक्सिजन गमावून) फेरस बनतं, ते काचेला आणखी पातळ करतं आणि कोंडलेला वायू ती फुगवतो. क्षपणात झिंक फेराइटही मोडतं, म्हणून काळं पोट म्हणजे नुसता दिसण्याचा दोष नव्हे.

उपाय : ८७० अंशांवर दोन तास, झरोका उघडा ठेवून. १५ मिमीला पुरला. ९० मिमी जाडीच्या विटेला पुरला नाही, चार तासांनीही पट्टा राहिला. वीट सोडली, फरशीच करायची. कमाल भाजणी ११००.

२ जानेवारी २०२५

चढत्या भाजणीत ९४० ला वीज गेली, ती पहाटे आली. भट्टी बंद दाराआड सावकाश थंड झाली होती. अर्धे तुकडे पुन्हा १०९० ला भाजले, अर्धे तसेच चाचणीला लावले.

६ जानेवारी

तसेच ठेवलेल्या तुकड्यांचं निष्कर्षण (टीसीएलपीचा गाळलेला द्रव) पिवळं आलं. डायफिनाइल कार्बाझाइड घालताच जांभळं, ५४० नॅनोमीटरवर स्पष्ट : षट्संयुजी, म्हणजे विषारी रूपातलं क्रोमियम. एकूण क्रोमियम लिटरमागे ६.८ मिलिग्रॅम, मर्यादा ५. पुन्हा भाजलेल्यांत ०.४.

धुळीतलं क्रोमियम बहुतेक त्रिसंयुजी, म्हणजे निरुपद्रवी बाजूचं. पण हवेत, चुना शेजारी असताना, ६०० ते १००० अंशांच्या दरम्यान त्याचं कॅल्शियम क्रोमेट होतं, आणि ते पाण्यात सुटतं. त्यापुढे क्रोमेट मोडतं, चुना सिलिका-ॲल्युमिनाशी जुळून ॲनॉर्थाइट या खनिजात जातो आणि क्रोमियम स्पिनेलमध्ये. चुना मोकळा राहिला असेल तर सावकाश थंड होताना क्रोमेट पुन्हा बनू शकतं.

म्हणजे या मालात कमी भाजलेला तुकडा सर्वांत घातक. एरवी कच्ची राहिलेली वीट स्वस्तात कुंपणाला जाते. इथे तसं करून चालणार नाही. प्रत्येक थरात ओर्टनचा ०४ नंबरचा शंकू (पुरेशी उष्णता मिळाली की वाकणारा, सुमारे १०६० अंश) ठेवायचा. शंकू उभा राहिला तर तो थर पुन्हा भट्टीत. थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) विसंबून राहू नये, तो एकाच कोपऱ्याचं सांगतो. आमच्या भट्टीत वरच्या आणि खालच्या थरात ३५ अंशांचा फरक निघाला.

शिवाय काही कारखाने बॅगफिल्टरआधी वाहिनीत चुना फवारतात. अशी धूळ घ्यायची नाही. घेण्याआधी चुना १० टक्क्यांच्या आत आहे ना ते पाहायचं.

क्रोमियमसाठी निष्कर्षणाची वेगळी बाटली ठेवावी. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेतात, षट्संयुजीसाठी आम्ल न घालता थंड ठेवून त्याच दिवशी तपासणी.

१५ जानेवारी

१०९० अंशांच्या, सुधारित भाजणीच्या मालाचे आकडे. २४ तास बुडवून पाणीशोषण ६.५ टक्के. आयएस १०७७ हे भारतीय मानक साध्या विटेला १२.५ वर्गापर्यंत (ताकदीची प्रतवारी) २० टक्के चालवतं. आमचा माल वीट नाही, तरी गवंड्याला समजणारं माप तेच.

लोणा (पृष्ठभागावर फुटणारे पांढरे क्षार) : आयएस ३४९५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे ताटलीत २५ मिमी ऊर्ध्वपातित पाण्यात उभं करून पाणी शोषून वाळेपर्यंत, मग पुन्हा एकदा. धुतलेल्यांवर काही नाही. न धुतलेल्यांवर निम्म्याहून कमी भागावर पांढरी बुरशीसारखी साय, म्हणजे मध्यम.

रंग गडद चॉकलेटी, लोह-जस्त-क्रोम स्पिनेलचा. रंगद्रव्य न घालता येतो, आणि विक्रीच्या दृष्टीने धुळीची हीच एक जमेची बाजू.

२१ जानेवारी

फरशी आयुष्याच्या शेवटी राडारोड्यात जाते, तिथे ९.५ मिमीचे नीटस तुकडे कोणी करत नाही. म्हणून १ मिमीखाली दळून पुन्हा टीसीएलपी. शिसं १.९ वरून ३.४. पार, पण अंतर कमी झालं. धूळ १५ टक्के केलेल्या मिश्रणात हाच आकडा ५.६, म्हणजे नापास. ९.५ मिमीच्या तुकड्यांच्या आकड्यावर १५ टक्के सहज मंजूर झालं असतं. १० वर थांबलो.

वापर कुठे? शेडची जमीन, गोदामाचा ओटा, पदपथ. स्वयंपाकघराचा ओटा, पाण्याची टाकी, बालवाडीची फरशी कधीच नाही. खोक्यावर तसं छापायचं.

३१ जानेवारी

मालाचा ताळा. आलेली धूळ ४८०. धुण्यात गेलेली ३१०, चाचण्या आणि न धुतलेल्या तुकड्यांत १४, न उघडलेला एक ड्रम आणि दुसऱ्यातली उरलेली मिळून १५५. एक किलोचा फरक, तो फिल्टरच्या कापडात असावा. कापड तोलून लावलं नव्हतं, पुढच्या वेळी लावायचं.

उरलेली धूळ, चुकलेली खेप, काळ्या पोटाच्या विटा, स्क्रबरचा गाळ, वापरलेली काडतुसं आणि बाष्पीभवन टाकीतलं मीठ तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे रवाना. नमुना १० च्या प्रती फाइलला.

भट्टीच्या आतल्या अस्तराची वरची २ मिमी खरवडून तपासली. शिसं निघालं, धुराड्याजवळच्या विटांत सर्वांत जास्त. या भट्टीत यापुढे दुसरं काही भाजायचं नाही, तसा फलक दारावर लावला. अस्तर बदलायची वेळ येईल तेव्हा तेही घातक कचऱ्यातच जाईल. त्या विटा सुमारे ९० किलो, खर्चाच्या तक्त्यात आत्ताच धरल्या.